पाहुण्यांचं पाणी

“त्यांचं पाणी त्यांच्याबरोबर जाऊ दे.”

एकवीस वर्षांपूर्वी, माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, एका तळ्यात गुडघाभर पाण्यात उभा असलेला एक माणूस मला हे म्हणाला. तो माणूस आज या व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसला आहे, आणि समोरच्या पुष्पगुच्छामागे जमेल तेवढा लपला आहे.

क्रम चुकला, मला कळतंय. आधी संबोधन, मग आठवणी, अशी रीत आहे. तर, आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या खात्याच्या संचालिका, आदरणीय बाई. परगावाहून आलेले आणि अडीच तासांपासून न कंटाळता बसलेले प्रमुख पाहुणे. अकरा तळ्यांवरून आलेली मच्छीमार मंडळी. आपल्या मत्स्यबीज केंद्रातले सगळे सहकारी, त्यांच्या घरचे लोक. आणि आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना हा शब्द अजिबात आवडलेला नाही, ते आमचे दादा. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

दादांनी आज सकाळी मला प्रयोगशाळेच्या दारात गाठून तीन अटी घातल्या. “चांगलं चांगलं बोल. पाच मिनिटांत बस. आणि मासे काढू नकोस.” मी म्हटलं, “दादा, मासे वगळून तुमच्याबद्दल बोलायचं, तर उरतो फक्त चहा.” ते म्हणाले, “मग चहाबद्दल बोल.”

चहाबद्दल सांगते. पस्तीस वर्षांत दादांनी या केंद्रात स्वतःचा एकही चहा गरम प्यायलेला नाही. कप हातात घ्यायचे, हौदाकडे जायचे, कठड्यावर ठेवायचे आणि विसरायचे. मग शेजारच्या माणसाचा कप उचलून प्यायचे. आमच्याकडे नवीन येणाऱ्याला पहिली सूचना हीच मिळते, की दादांच्या डाव्या बाजूला कप ठेवू नये. झालं चहाचं. आता मला बाकीचं बोलू द्या.

कारण उद्यापासून दादा या केंद्रात नसतील, आणि उद्या ते कुठे जाणार हा प्रश्न मला गेले तीन महिने छळतो आहे. इथून चाळीस किलोमीटरवर त्यांचं घर आहे. तळ्याच्या काठावर, दोन खोल्यांचं. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहते, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. अक्कांची नजर अधू झाली आहे. त्या वाट बघताहेत. आणि दादांनी मागच्या आठवड्यात केंद्राच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर, एक खोली घेतली. खिडकी एकच, समोर भिंत. मी जाऊन पाहून आले. त्या खिडकीतून पाण्याचा थेंब दिसत नाही. तशी मुद्दाम शोधली असावी.

असं का, हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली तर मी ती वाचणार नाही, आधीच क्षमा मागते.

त्या पहिल्या दिवसाकडे जाते. आमचं काम सगळ्यांना ठाऊक आहे, तरी घरच्या मंडळींसाठी सांगते. माशांची बोटाएवढी पिल्लं, त्यांना आम्ही बोटुकली म्हणतो, हौदात वाढवायची, टाकीत घालून तळ्यांवर न्यायची आणि सोडायची. तेव्हा दूरच्या एका केंद्रातून एक नवीन जात आली होती. भराभर वाढणारी, दणकट. त्या दिवशी ऊन फार होतं, वाटेत गाडी बंद पडली होती आणि बोटुकली दमून पाण्याच्या वर तोंडं काढत होती. मी नुकतीच शिकून आलेली. पुस्तकात होतं की मासे चाळणीने वेगळे काढावेत, प्रवासाचं पाणी तळ्यात जाऊ देऊ नये. मी चाळणी घेऊन पुढे झाले. दादांनी माझ्या हातातून ती काढून घेतली. रागाने नव्हे. एखाद्या मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. आणि ते वाक्य म्हणाले. मग टाकी हळूच तिरकी केली, तळ्याचं थोडं पाणी आत घेतलं, आतलं थोडं बाहेर जाऊ दिलं, शर्टाची बाही वर करून कोपर बुडवून पाहिलं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. अर्धा तास. मग मासे आपले आपण निघाले.

आमचे चालककाका मागे बसले आहेत, ते तेव्हा काठावरून ओरडले होते, “दादा, लग्नाची पाठवणी आहे का? उतरवा की भराभर.” दादा म्हणाले, “पाहुणे आहेत. घरचं पाणी एकदम तोडू नये.”

एकही बोटुकली मेली नाही त्या दिवशी. मी घरी जाताना वाटभर ते वाक्य मनात घोळवत होते. मी तेव्हा नुकतंच माहेर सोडलेलं होतं. ते वाक्य मला माशांबद्दलचं वाटलंच नाही.

पुढच्या वर्षी केंद्राने कामाची पुस्तिका काढायचं ठरवलं आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मत्स्यबीज सोडण्याचे नऊ नियम. चौथा नियम मी लिहिला: ‘बोटुकली सोडताना त्यांचं पाणी त्यांच्याबरोबर जाऊ द्यावं.’ मला तो सगळ्यात सुंदर नियम वाटत होता. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी तो तोंडपाठ करायला लावला. पंधरा वर्षं आम्ही तो पाळला. अकरा तळ्यांवर.

दादा, मान हलवू नका. मला इथून दिसतंय.

पाच वर्षांपूर्वी एक दिवस जाळेवाल्या मावशी केंद्रावर आल्या. त्या आज तिसऱ्या रांगेत आहेत. त्यांच्या हातात काचेची बरणी होती आणि बरणीत सात-आठ चांदण्या. चांदणी म्हणजे आपल्या तळ्यांतला बोटापेक्षा लहान, चकचकीत मासा. कोणी विकत घेत नाही, कोणी मोजत नाही. खात्याच्या कुठल्याही तक्त्यात त्याचा रकाना नाही. दादांना मात्र तो फार प्रिय. संध्याकाळच्या उन्हात चांदण्यांचा थवा वळला की सगळं तळं एकदम पापणी मिटल्यासारखं दिसतं, असं ते म्हणायचे. मावशींच्या बरणीतल्या चांदण्या पोटं फुगून मेलेल्या होत्या. मावशींनी बरणी माझ्या टेबलावर आदळली आणि म्हणाल्या, “तुमच्या पाहुण्यांनी आमच्या घरात काय आणलंय, ते बघा एकदा.”

मी एक मासा कापला. आत पांढरी, चपटी फीत. पट्टकृमी. सरळ करून मोजला तर माशापेक्षा लांब भरला. त्याचं डोकं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. असलं डोकं आमच्या भागातल्या कुठल्याच कृमीचं नव्हतं. मी बाहेर जाऊन दादांना हाक मारली. ते आले, हातातला कप माझ्या टेबलावर ठेवला, आणि डोळा लावून उभे राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, “हा कुठून आला गं?”

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. या कृमीचा प्रवास पुस्तकात चार ओळींत दिलेला असतो. अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेली अळी पाण्यातला एक बारीक किडा गिळतो, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा. तो किडा मासा गिळतो. माशाच्या आतड्यात कृमी वाढतो, अंडी घालतो आणि चक्र पुन्हा सुरू. ठिपक्याएवढे किडे कुठे होते? पाहुण्यांच्या पाण्यात. दणकट पाहुण्याला एखाद-दुसऱ्या कृमीने काही होत नव्हतं, तो वाढत होता. आमच्या चांदणीचं आतडं केवढं? एका कृमीनेच ते बंद होत होतं.

आम्ही नोंदवही काढली. कुठल्या तळ्यात कधी बोटुकली सोडली, आणि कुठल्या तळ्यात चांदणी कधीपासून दिसेनाशी झाली. जाळेवाल्यांना विचारत गेलो. एकेक तळं जुळत गेलं. अकराच्या अकरा. बारावं तळं तेवढं स्वच्छ निघालं, कारण तिथे आपली टाकीची गाडी जाईल असा रस्ताच नाही, म्हणून आपण तिथे कधी मासे सोडले नव्हते. बारावं तळं म्हणजे अक्कांच्या दारातलं.

मित्रहो, तळं मोठं असलं की त्याला औषध देता येत नाही. हौदातल्या माशाला देता येतं, तळ्याला नाही. एकदा गेलेला कृमी परत बोलावता येत नाही. हे मी प्रमुख पाहुण्यांसमोर बोलते आहे, त्यांचा या विषयावर माझ्याहून अधिकार आहे. माझं चुकत असेल तर त्यांनी मला इथेच अडवावं. मला फार बरं वाटेल.

ते अडवत नाहीत.

त्यानंतर दादांनी काय केलं, हे आधीच्या वक्त्यांनी ‘उल्लेखनीय सुधारणा’ या शब्दांत सांगितलं. मी ते जरा उलगडून सांगते. त्यांनी त्याच आठवड्यात मासे सोडणं बंद करवलं. वरून दूरध्वनी आले, लेखी खुलासे मागितले गेले, ते हलले नाहीत. जाळी, बूट, टाक्या, सगळं वाळवण्याचा नियम केला: चार दिवस कडक उन्हात, त्याशिवाय एका तळ्याची वस्तू दुसऱ्या तळ्याला लागणार नाही. आणि मग ते अकरा तळ्यांवर गेले. एकटे. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाले, “तुझं सूक्ष्मदर्शक सांभाळ.” प्रत्येक वस्तीवर लोकांना जमवून त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की हा रोग आम्ही आणला, आमच्या टाकीतून आला. नंतर चालककाकांनी मला सांगितलं, एका ठिकाणी एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, “आता सांगून काय उपयोग?” दादा म्हणाले, “उपयोग काही नाही. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून आलो.”

खुलासा मागणाऱ्या समितीने विचारलं, हा चौथा नियम कोणाचा? दादांनी लिहून दिलं, ‘माझा. शब्द माझे आहेत.’

शब्द त्यांचेच होते. पण मला एक शंका आहे, आणि ती मी आज पहिल्यांदा चारचौघांत बोलते. त्या दिवशी ऊन होतं. गाडी बंद पडली होती. बोटुकली दमलेली होती. चाळणीत धरली असती तर निम्मी मेली असती. ते वाक्य दादा त्या दिवसापुरतं, त्या टाकीपुरतं म्हणाले असतील. मीच ते उचललं, मला आवडलं म्हणून, आणि त्याचा नियम केला. वर पुस्तकातला खरा नियम ठाऊक असूनही. दादांनी पुस्तिका वाचून सही केली, हे खरं. आपलं बोलणं कोणीतरी इतकं जपून ठेवलंय म्हटल्यावर कोण खोडेल?

मी दोन वर्षांपूर्वी त्यांना विचारलं. हौदाच्या कठड्यावर बसलो होतो. म्हटलं, “दादा, तेव्हा तुम्ही ते फक्त त्या दिवसापुरतं म्हणाला होतात का?” त्यांनी माझा चहा उचलला, प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “आठवत नाही.”

ज्या माणसाला वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या फेरीत पाण्याचं तापमान किती होतं ते आठवतं, त्याला हे आठवत नाही. एकवीस वर्षांत दादा खोटं बोलल्याचं मला एवढं एकच उदाहरण माहीत आहे, आणि ते माझ्यासाठी होतं.

आता अक्कांबद्दल. बारावं तळं स्वच्छ आहे ना, हे तपासायला दरवर्षी मी जाते. दादा येत नाहीत. पाच वर्षांत ते त्या घरात गेलेले नाहीत. बहिणीची औषधं घेऊन ते महिन्यातून दोनदा जातात, पण वरच्या सडकेपर्यंतच. अक्का काठी टेकत चढ चढून वर येतात. कुंपणाच्या तारेवरून पिशवी इकडून तिकडे जाते. एकदा मी हे डोळ्यांनी पाहिलं. अक्का म्हणाल्या, “चल की खाली.” दादा म्हणाले, “नको अक्का. माझ्या पायांना आहे ते.” अक्का म्हणाल्या, “मग पाय धू आणि ये. तू एवढासा होतास तेव्हापासून हेच सांगत आलेय.”

दादा हसले नाहीत. मला हसू आलं आणि मग मी गाडीत जाऊन बसले.

यंदा गेले, तेव्हा अक्का दारात बसून भांडी घासत होत्या. हाताने चाचपून. मला आवाजावरून ओळखलं. मी नमुने घेऊन परत आले तर विचारलं, “आहेत का गं बऱ्या, चांदण्या?” म्हटलं, “बऱ्या आहेत अक्का. भरपूर आहेत.” त्या म्हणाल्या, “मला दिसत नाहीत आता. पण तो यायचा तेव्हा सांगायचा, आत्ता वळल्या, आत्ता वळल्या.” थोडा वेळ घासत राहिल्या. मग म्हणाल्या, “मासे मेले हे वाईटच झालं. पण म्हणून बहिणीलाही मेलेली धरायची का?”

दादा, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. ते एकच तळं उरलंय, ते माझ्याने बिघडू नये. पण दादा, मी प्रयोगशाळेतली बाई आहे, मला हिशेबाने बोलू द्या. हा कृमी माणसाच्या अंगात राहत नाही. कोरड्या चामड्यावर तो जगत नाही, त्याची अंडी जगत नाहीत, तो ठिपक्याएवढा किडाही जगत नाही. चार दिवस कडक ऊन, हा नियम तुम्हीच केलात. तुम्ही शेवटचे पाण्यात उतरलात त्याला पाच वर्षं झाली. तुमचे बूट आमच्या भांडारात खिळ्याला टांगलेले आहेत, त्यांना भेगा पडल्या आहेत. तुमच्या स्वतःच्या नियमाने तुम्ही केव्हाच सुटला आहात. जे तुमच्या पायांना लागलंय, ते कुठल्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. मी एकवीस वर्षं तेच काम करते, माझ्यावर विश्वास ठेवा. आणि जे आहे त्यातला अर्धा वाटा माझा आहे. तो तुम्ही मला कधी घेऊ दिला नाहीत. मी मात्र रोज घरी जाते, मुलीच्या वेण्या घालते, झोपते. तुम्हीच का जायचं नाही?

पुरे करते. भाषण ठरल्याहून लांबलं आणि ठरल्याहून वेगळं झालं. एका आनंदाच्या समारंभात मी जे नको ते काढलं, त्याबद्दल अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी मला पदरात घ्यावं. ज्या मच्छीमार मंडळींनी, आमच्यामुळे एवढं नुकसान सोसूनही, आज कामं टाकून या माणसाला निरोप द्यायला यावं, त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला कळत नाही. मावशी, तुमचे विशेष. सभागृह झाडून, खुर्च्या लावून देणाऱ्या सहकाऱ्यांचे, आणि ध्वनिक्षेपक दोनदा बंद पडूनही न चिडता दुरुस्त करणाऱ्यांचे आभार. बोलण्यात कोणाचा उल्लेख राहिला असेल, कोणाला काही लागलं असेल, तर दोष फक्त माझा समजावा. यावेळी तरी दादांना तो स्वतःकडे घेऊ देऊ नये.

आणि दादा, एक विनंती. उद्या सकाळी सात वाजता चालककाका गाडी घेऊन तुमच्या त्या खोलीखाली उभे राहणार आहेत. मी गाडीत असेन. अक्कांचा निरोप आहे. त्यांनी तुमची खाट आतल्या खोलीत हलवली आहे, उशी भिंतीकडे आणि पाठ पाण्याकडे येईल अशी. म्हणाल्या, “त्याला बघायचं नसेल तर नको बघू दे. नुसता राहू दे.”

तुम्ही नाही म्हणणार आहात. तुमचा चेहरा मी एकवीस वर्षं वाचते आहे, आत्ताही वाचते आहे. म्हणा नाही. फक्त मला इथे म्हणू नका. गाडीत बसा, तिथवर चला, चढ उतरा, आणि अक्कांच्या समोर उभं राहून म्हणा.